भरल्या तळ्यात मोठी मरळ कुठे असते?

मोबाईलवर अमेरिकेतल्या तळ्यांचे व्हिडिओ पाहिलेली पोरं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. बुडालेल्या झाडांतून आणि शेवाळातून तिकडचे लोक जो हिरवट, मोठ्या तोंडाचा बास मासा काढतात, तो आपल्याकडे कुठे मिळेल? मांजरा, मन्याड, तेरणा, गोदावरी, कुठेच मिळणार नाही. तो उत्तर अमेरिकेचा मासा. पण आपल्या पाण्यात त्याची जागा रिकामी नाही. तिथे मरळ आहे.

दोघांचं जगणं बरंचसं सारखं. गवताच्या आडोशाला निश्चल उभं राहायचं, समोरून बेडूक, चिंगळी किंवा लहान मासा गेला की एका झडपेत घ्यायचा. म्हणून गवताळ, बुडीत पाण्यात मोठा बास शोधण्याची जी विद्या आहे, तिचा बराच भाग मरळीला लागू पडतो. उरलेला भाग मात्र मराठवाड्याच्या पाण्यावरच शिकावा लागतो, कारण आपली तळी त्यांच्यासारखी बारमाही भरलेली नसतात.

मरळ कोणती?

आपल्याकडे मरळ म्हणताना बहुतेक वेळा दोन जातींपैकी एक डोळ्यांसमोर असते. पहिली चन्ना स्ट्रायटा. अंग दंडगोल, पाठ काळसर, कुशीवर तिरपे पट्टे, पोट पांढरट. बाजारात टोपल्यात जिवंत वळवळताना दिसते ती बहुधा हीच. दुसरी चन्ना मारुलियस. ही वाढली तर मीटरभराच्या पुढे जाते. तिच्या कुशीवर मोठे काळे डाग असतात, त्यांच्या कडेने पांढरे ठिपके असतात आणि वयाने लहान असताना शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखी गोल खूण दिसते. खरोखर मोठी मरळ शोधायची असेल तर या दुसरीच्या मागे जावं लागतं. तिला पहिलीपेक्षा खोल आणि मोकळं पाणी लागतं, त्यामुळे लहान पाझर तलावात ती सहसा भेटत नाही.

दोन्हींचं डोकं सापासारखं चपटं, वर मोठे खवले, जबडा रुंद आणि दातांनी भरलेला. गळ काढताना तोंडात बोट घालायचं नाही, पक्कड वापरायची. हे पहिल्याच दिवशी शिकलेलं बरं.

देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडे तेलंगणात या माशाची प्रतिष्ठा मोठी आहे. तिकडे ती कोर्रमीनू, आणि तेलंगणाचा तो राज्यमासा आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये राज्यमासा म्हणून पापलेट निवडला. किनाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण समुद्र कधी न पाहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला विचाराल तर तो मरळीचंच नाव घेईल.

आधी पाण्याचं वय विचारा

मोठा मासा म्हणजे जुना मासा. चार-पाच किलोची मरळ एका पावसात तयार होत नाही. म्हणून तळ्याकाठी गेल्यावर माझा पहिला प्रश्न मासे आहेत का, हा नसतो. हे तळं शेवटचं कधी आटलं, हा असतो.

12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती का आणावी लागली? शहराला पाणी पुरवणारं धनेगावचं मांजरा धरण उघडं पडलं होतं. आपण त्या वर्षाची आठवण काढतो ती हंड्यांच्या रांगांसाठी. माशांच्या बाजूनेही ती काढायला हवी. धरण आटताना पाणी आक्रसत एका डबक्यात येतं, आणि मोठे मासे त्या डबक्यात सर्वांत आधी जाळ्यात जातात. शेवटी उरतात त्या गाळात तोंड खुपसून तग धरणाऱ्या लहान मरळी. अंगावर ओल आणि श्वासापुरती हवा मिळाली तर चन्ना स्ट्रायटा ओल्या गाळात बराच काळ जगते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरण पुन्हा भरलं. त्यानंतरची मांजऱ्यातली मरळ म्हणजे एकतर त्या गाळातून उठलेली, नाहीतर वरच्या नदीतून आणि ओढ्यांतून उतरलेली. धरण जुनं असलं तरी त्यातलं माशांचं खानदान तिथून नव्याने सुरू झालं.

2021 च्या सप्टेंबरात मांजऱ्याचे दरवाजे उघडावे लागले. अशा वर्षी मासा धरणातून खाली नदीत उतरतो आणि लातूर जिल्ह्यातल्या नागझरी, साई यांसारख्या बंधाऱ्यांच्या पाण्यात अडतो. बंधाऱ्यांचं हे लांबट, अरुंद, काठाने गवत आणि बाभळीने भरलेलं पाणी मोठ्या मरळीसाठी धरणाच्या उघड्या पसाऱ्यापेक्षा कितीतरी चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पात्र मूळचं खोल असतं आणि काठ लगेच हाताशी येतो.

नांदेडकडे गणित जरा वेगळं होतं. विष्णुपुरीचा शंकरसागर उन्हाळ्यात खालावतो, पण गोदावरीच्या पात्रातल्या खोल डोहांत थोडं का होईना पाणी राहतं. जुन्या माशाला तेवढा आसरा पुरतो. त्याहून खाली धर्माबादजवळ बाभळी गावाचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार त्याचे दरवाजे दरवर्षी 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. पाणीवाटपाच्या भांडणातली ही तारीख गळवाल्यालाही पाठ हवी. ते चार महिने खालच्या श्रीरामसागराच्या फुगवट्यातून वर चढणाऱ्या माशाला नदी मोकळी असते. 29 ऑक्टोबरनंतर जे वर राहिलं ते वरच.

लातूर जिल्ह्यात तावरजा, व्हटी, रेणापूर, तिरू, देवर्जन, साकोळ, घरणी, मसलगा असे आठ मध्यम प्रकल्प आहेत. नांदेड जिल्ह्यात मन्याडवर लिंबोटी आणि बारूळ. प्रत्येकाचं वय वेगळं काढावं लागतं. दर मे महिन्यात भेगा पडणाऱ्या तलावावर मोठ्या मरळीसाठी सकाळ घालवू नका. तिथे पावशेर-अर्धा किलोची मरळ भरपूर मिळेल, तेवढ्यावर समाधान मानायचं.

कंधारचा जगतुंग तलाव राष्ट्रकूट काळातला समजला जातो. तो पाहिला की मला नेहमी वाटतं, हजार वर्षांमागेही कुणीतरी त्याच्या काठावर बसून लव्हाळ्यात हललेलं पाणी न्याहाळलं असेल.

तळं उन्हाळ्यात वाचायचं असतं

भरलेलं तळं वरून सगळीकडे सारखंच दिसतं. अनेक वर्षांपूर्वी लातूरकडच्या एका प्रकल्पावर मी तीन दिवस असाच पाण्याकडे बघत बसलो होतो. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी काढून परतणारे एक म्हातारे भोई थांबले आणि म्हणाले, ‘पान्याकडं काय बघलालाव, मालक? उन्हाळ्यात हितं काय व्हतं ते आठवा.’ मग त्यांनी वल्ह्याच्या टोकाने पाण्यावरच दाखवत सांगितलं: हितून ओढा जायचा, तितं कुणाची तरी विहीर, त्या बाभळीपासून पलीकडं बांध. समोर सपाट पाणी, आणि त्यांना मात्र त्याखालचं अख्खं शिवार दिसत होतं.

पुढच्या मे महिन्यात मी त्याच ठिकाणी चालत गेलो. मी तीन दिवस जिथे गळ टाकला होता, ती जागा म्हणजे ज्वारीच्या धसकटांचं सपाट रान निघालं. तिथून जेमतेम तीस पावलांवर ओढ्याची चर होती, पुरुषभर खोल, दोन्ही काठांना बेशरमीची दाट रांग. मोठी मरळ तिथेच होती. पुढच्या भाद्रपदात ती मिळाली.

तेव्हापासून माझा नेम आहे. गळाचा हंगाम पावसाळ्यात सुरू होत असला तरी त्याची तयारी मे महिन्यात, कोरड्या बुडीत क्षेत्रात. पाणी ओसरतं तसतशी शेतकरी तिथे गाळपेर करतात. त्या पेऱ्यातून फिरताना मालकाला विचारून फिरावं. फिरताना काय बघायचं?

ओढ्याची आणि वगळीची जुनी वाट सर्वांत महत्त्वाची. काळ्या मातीत पाण्याने कापलेली चर उभ्या काठाची असते. पाणी भरल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर पाण्यात गवत वाढतं आणि मधोमध एकदम सहा-सात फूट खोली. उथळ गवतात खाणं आणि एका शेपटीच्या फटकाऱ्यावर लपायला खोल जागा: मोठ्या मरळीला हवं असतं ते हेच. लहान मरळ गवतात कुठेही राहते. मोठी मात्र गवत आणि खोली जिथे शेजारी आहेत तिथेच उभी राहते, हे माझ्या अनुभवात फार क्वचित चुकलं आहे.

त्यानंतर बुडालेली विहीर. विहिरीचा कठडा आणि त्याभोवतीचे दगड ही उत्तम जागा, पण विहिरीची जागा नीट टिपून ठेवायची ती आणखी एका कारणासाठी, ते पुढे सांगतो. मग जुना गाडीरस्ता किंवा पाणंद, तिच्या कडेचे चर, बांधावरची वेडी बाभूळ, आणि जमिनीची पाण्यात घुसलेली टोकं. टोकाच्या दोन्ही कुशींपैकी जिकडे ओढा जवळ येतो ती कुशी धरायची.

टिपण्यासाठी मोबाईलच्या नकाशावर खुणा कराव्यात. ज्यांना चालणं जमत नाही त्यांनी गूगल अर्थवर त्याच तळ्याची जुन्या उन्हाळ्यातली उपग्रहचित्रं उघडावीत. ओढ्याची वाट, विहिरी, बांध सगळं त्यात दिसतं. तरीही पायांनी पाहिलेल्या जमिनीची सर त्याला नाही. चर किती खोल आहे हे वरून कळत नाही.

कोणत्या गवतात शोधायचं?

आपण सगळ्यालाच गवत किंवा शेवाळ म्हणतो, पण मरळीसाठी त्यातला फरक मोठा आहे.

पाणकणीस, म्हणजे काठाला उभं राहणारं, तपकिरी कणसांचं उंच गवत. त्याच्या दाट गाभ्यात मोठा मासा फिरू शकत नाही. त्याची पाण्याकडची किनार, विशेषतः जिथे ती आत वळून खोबण करते, तिथे मरळ तोंड बाहेर करून थांबते. बेशरम याहून चांगली, कारण वर पानांची दाट सावली आणि खाली खोडांमध्ये मोकळी जागा असते. वेडी बाभूळ पाण्यात मेली तरी तिचे सांगाडे वर्षानुवर्षं उभे राहतात. तिच्या फांद्यांना जलपर्णी अडकून छप्पर तयार झालं असेल तर ती जागा दोनदा तपासावी.

जलपर्णीबद्दल जरा थांबून सांगायला हवं. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने नांदेडजवळची गोदावरी किती वेळा झाकून टाकली हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे. नाल्यांचं सांडपाणी नदीत येतं, त्यावर ती पोसते. तिच्या दाट थराखाली उजेड पोचत नाही, कुजणारी मुळं आणि पानं पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. रात्री तर पाण्यातल्या जिवंत वनस्पतीही प्राणवायूच वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. रोहू, कटला अशा पाण्यातून निघून जातात, नाहीतर मरतात. मरळ राहते. तिच्या कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेणारी एक खास पोकळी असते. ती ठराविक वेळाने वर येते, हवेचा घोट घेते आणि खाली जाते. वर येऊ दिलं नाही तर पाण्यात राहूनही ती गुदमरते.

म्हणजे दाट जलपर्णीत मरळ राहील, पण तिला वर यायला भोक हवं. एकसंध हिरव्या गालिचात मोठी मरळ शोधण्यात अर्थ नाही. त्या गालिचातलं हातभर रुंद मोकळं पाणी शोधायचं. वाऱ्याने रोज जागा बदलणारे थर सोडून द्यायचे, बाभळीला किंवा खडकाला अडकून महिनाभर एकाच जागी बसलेले थर धरायचे. अशा थरातली भोकं कायमची असतात आणि मासाही तिथे कायमचा असतो.

पाण्याच्या आत वाढणारं हायड्रिलासारखं शेवाळ वरून दिसत नाही, दोर ओढला की हिरवी वेणी होऊन येतं. त्याच्या आणि पाण्याच्या पृष्ठभागाच्या मध्ये फूट-दीड फूट मोकळं पाणी उरतं तेव्हा वरून ओढलेल्या बेडकावर मरळ खालून येते. शेवाळ थेट वर येऊन आडवं पसरलं की मात्र तिथे नुसता दोर अडकतो.

श्वासावरून माप

मरळ शोधणाऱ्याला निसर्गाने दिलेली सर्वांत मोठी सवलत म्हणजे तिचा श्वास. बाकीचे मासे दिसत नाहीत. मरळीला स्वतःहून वर यावंच लागतं.

सूर्य उगवायच्या आधी, वारा पडलेला असताना, काठापासून चार पावलं मागे बसायचं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, पाय आपटायचे नाहीत. अर्धा तास गळाला हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं आणि बघायचं. लहान मरळ वर येते ती घाईने. ‘टप्प’ असा आवाज येतो, पाणी उडतं, बारीक वर्तुळं उठतात. मोठी मरळ आवाज फारसा करत नाही. पाण्यावर आधी एक फुगवटा दिसतो, मग रुंद डोकं वर येऊन तिरपं खाली जातं आणि मागे दोन हात रुंदीची संथ भोवरी उरते. पाठोपाठ चार-सहा बुडबुडे. गवताची पाती एका बाजूला झुकतात आणि पुन्हा सरळ होतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कासव होतं.

घड्याळ लावायचं. पाणी उबदार असेल तर ती लवकर परत वर येते, थंडीत बराच वेळ घेते. पण मोठी मरळ पुन्हा वर आली की जवळपास त्याच भोकातून येते. दोनदा एकाच जागी दिसली म्हणजे घर सापडलं. गळ थेट भोकात टाकायचा नाही. पलीकडे सहा-सात फूट गवतावर टाकून हळूहळू भोकापर्यंत ओढत आणायचा.

लाल पिलांचा गोळा

पावसाळ्यात, मुख्यतः आषाढ ते भाद्रपदात, गवतातल्या स्वच्छ पाण्यावर कधीकधी ताटाएवढा लालसर डाग दिसतो. जवळून पाहिलं तर तो उकळतो आहे असं वाटतं. ती मरळीची पिलं. शेकडो, काडीएवढी, एकत्र वर येतात, एकत्र हवा घेतात, एकत्र खाली जातात. त्यांच्या खाली किंवा हातभर बाजूला आईबाप असतात.

नर-मादी मिळून गवत बाजूला करून पाण्यावर गोल जागा मोकळी करतात. अंडी तरंगतात, पिवळसर, मोत्यासारखी. दोन-तीन दिवसांत पिलं बाहेर येतात आणि पुढे काही आठवडे आईबाप त्यांच्याभोवती गस्त घालतात. बेडूक, पाणसाप, दुसरा मासा, जे जवळ येईल त्यावर तुटून पडतात. या काळात त्यांना भूक नसते, राग असतो. म्हणूनच पिलांच्या गोळ्यावर रबरी बेडूक टाकला की मोठी मरळ हमखास लागते. मोठा मासा मिळवण्याची याहून सोपी युक्ती नाही, आणि माझ्या मते याहून वाईटही नाही.

मी एकदा हे केलं आहे. मासा काठावर घेतला, वजन केलं, आणि सहज पाण्याकडे पाहिलं. लाल गोळा विस्कटला होता. चिलापी आणि इतर लहान मासे दोन्ही बाजूंनी त्यात घुसत होते. मासा सोडून दिला तेव्हा तो थकलेला होता, लगेच परत गेला नाही. दहा मिनिटांत तिथे लाल काहीच उरलं नाही. त्या तळ्यातली पुढची मोठी मरळ त्या पिलांतूनच होणार होती.

पिलांचा गोळा दिसला की तिथून उठायचं आणि दुसरी जागा बघायची, इतकी सरळ विनंती आहे. जागा लक्षात ठेवा. कार्तिकात परत या, जोडी बहुधा त्याच परिसरात असते, आणि तेव्हा ती खायला निघालेली असते.

गळ, दोर, बेडूक

सामानाबद्दल थोडक्यात. गवतात मरळ लागली की पहिल्या तीन सेकंदांत तिचं डोकं गवताच्या वर आणावं लागतं. एकदा ती बुडख्यांमध्ये घुसली की संपलं. म्हणून बारीक तंगूस चालत नाही. विणलेला दोर, निदान तीस-चाळीस पौंडांचा, आणि सहा ते सात फुटांची ताठ काठी. बांबूच्या दांडीवर जाड तंगूस बांधून आमच्याकडचे जुने लोक याच माशाला काढत आले आहेत, पण ते थेट भोकात गळ सोडतात, लांब फेकत नाहीत. दोन्ही पद्धती आपापल्या जागी उत्तम.

आमिष म्हणून पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन्ही आकडे पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो गवतावरून न अडकता सरकतो. रबर दाबलं गेलं की आकडे उघडे पडतात. रंगाची फार चर्चा होते, मला तिच्यात दम वाटत नाही. पहाटे गडद, उन्हात फिकट, एवढं पुरे. खरं कसब ओढण्यात आहे. दोन हिसके, थांबा. भोकाशी आणून आणखी थांबा. मोठी मरळ थांबलेल्या बेडकावर येते.

पाणी फुटलं की लगेच हिसका देऊ नका. नव्या माणसाच्या दहांतल्या सहा मरळी इथेच सुटतात. बेडूक आत गेला, दोर सरळ झाला, वजन हाताला लागलं, मग जोरात ओढायचं. जिवंत बेडूक मात्र गळाला लावू नका. शेतातले किडे खाणारा तो प्राणी आहे आणि रबराचा बेडूक तेच काम करतो.

महिन्यांचा हिशेब

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाने तळ्यात गढूळ पाणी येतं, तेव्हा थांबावं. पाणी चढत कोरड्या गवतात शिरू लागलं की मरळ त्याच्यामागे उथळात येते, कारण गांडुळं, नाकतोडे, बेडूक सगळं तिथे वाहून आलेलं असतं. चढत्या पाण्यात पाण्याच्या कडेला शोधायचं, अगदी घोटाभर पाण्यातसुद्धा. तळं भरून सांडव्यावरून वाहू लागलं आणि पाणी स्थिरावलं की सर्वांत चांगला काळ सुरू होतो: भाद्रपद-आश्विन. ऑक्टोबरच्या उकाड्यात पहाट आणि तिन्हीसांजा. डिसेंबर-जानेवारीत पाणी गारठतं, मरळ खोल चरीत जाते, तेव्हा उन्हं वर आल्यावर अकरा ते दोन या वेळेत सूर्य खाणाऱ्या उथळ कडा बघायच्या. फेब्रुवारीनंतर पाणी ओसरतं, मासा ओढ्याच्या वाटेने मागे सरकतो. मे महिन्यात डबक्यात कोंडलेल्या मोठ्या मरळी काढणं सोपं असतं, पण पुढच्या पावसाचं बियाणं तेच आहे. मी तेव्हा गळ घरी ठेवतो.

परवानगी आणि जीव

आपल्याकडचे बहुतेक जलाशय मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्था पैसे भरून मत्स्यबीज आणि बोटुकली सोडते, आणि भोई-कोळी कुटुंबांची चूल त्यावर चालते. काठावर जाऊन गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला भेटा, परवानगी घ्या, पैसे मागितले तर द्या. शहरातून आलेल्या हौशी माणसाने हे टाळू नये. त्यांच्याशी बोलताना जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओत नसतं.

गवताळ पाण्यात उतरू नका. काळ्या मातीचा गाळ मांडीपर्यंत ओढतो, जलपर्णीची मुळं पायांना विळखा घालतात, वेड्या बाभळीचा काटा बुटाच्या तळव्यातून आरपार जातो. आणि त्या बुडालेल्या विहिरी. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला चाळीस फुटांत जातो. मे महिन्यात विहिरीची जागा टिपून ठेवायची ती याचसाठी. अडकलेला बेडूक दोनशे रुपयांचा असेल, तो तोडून द्या. पावसाळ्यात बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला बसला असाल तर भोंगा वाजताच सामान सोडून वर या; विसर्ग सुरू झाल्यावर पाणी मिनिटांत चढतं.

काठावरच्या गवतात बसताना आधी काठीने आपटून घ्या. दिवड निरुपद्रवी आहे, घोणस नाही.

एक वही

मोठी मरळ मिळाली तर तिची लांबी मोजा, फोटो काढा आणि शक्यतो परत सोडा. खायला दीड-दोन किलोची चवीला जास्त चांगली लागते, हे खाणाऱ्यांनाही मान्य आहे. सोबत एक साधी वही ठेवा. तारीख, पाण्याची पातळी, कोणत्या गवतात, चरीपासून किती अंतरावर. आणि पहिल्या पानावर तुमच्या तळ्याचं नाव लिहून त्याखाली ते शेवटचं आटलं ते साल. माहीत नसेल तर काठावरच्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. दुष्काळाची सालं त्यांना तोंडपाठ असतात.